कोण जिंकले ते कळले, कशावर जिंकले?

मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्या यांच्या क्रीडा व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांच्या संपादकांस,



मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि आपली पाने बारकाईने वाचतो. संगणकांच्या बुद्धिबळाची बातमी आपण देता तेव्हा कोणता प्रोग्राम जिंकला हे पहिल्या ओळीत असते, किती फरकाने जिंकला हे दुसऱ्या ओळीत. तो कोणत्या यंत्रावर खेळत होता, समोरचा कोणत्या यंत्रावर, दोघांना विचाराला किती वेळ होता, हे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत शोधूनही सापडत नाही. क्रिकेटच्या बातमीत खेळपट्टी, नाणेफेक आणि दवसुद्धा येते. संगणकाच्या डावाला तेवढीही दाद मिळू नये, याचे वाईट वाटते.

प्रश्न केवळ हौशी मंडळींच्या समाधानाचा असता तर पत्र लिहिले नसते. पण बुद्धिबळाचा प्रोग्राम एकटा काहीच खेळत नाही. तो, त्याच्याखालचे यंत्र आणि लढतीच्या अटी असे तिघे मिळून खेळतात आणि निकाल तिघांचा असतो. त्यातल्या दोघांना वगळून सगळे श्रेय एकाला दिले की बातमीतला प्रत्येक शब्द खरा असूनही वाचकाची समजूत चुकीची होते. माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो आणि शेवटी काही मागण्या करतो.

पहिली तक्रार 'चार तासां'ची आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या मालकीच्या लंडनस्थित डीपमाइंड कंपनीने अल्फाझीरो या प्रोग्रामची घोषणा केली. फक्त खेळाचे नियम देऊन त्याला स्वतःशीच खेळायला लावले होते आणि तेव्हाच्या बलाढ्य स्टॉकफिश या प्रोग्रामशी झालेल्या १०० डावांत त्याने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. जगभरच्या माध्यमांनी त्यातली एक गोष्ट उचलली: चार तासांत शिकला आणि जिंकला. आपणही तीच उचललीत. वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल? टेबलावरचा एक संगणक, दुपारी जेवणानंतर सुरू केलेला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत जगज्जेता झालेला.

प्रत्यक्षात स्वतःशी डाव खेळण्याच्या कामाला पहिल्या पिढीतल्या ५,००० टीपीयू चिप जुंपल्या होत्या. न्यूरल नेटवर्कच्या आकडेमोडीसाठी गूगलने खास घडवलेल्या या चिप. त्या डावांवरून नेटवर्क घडवण्यासाठी दुसऱ्या पिढीतल्या आणखी ६४ लावल्या होत्या. आता साधा गुणाकार करू. ५,००० चिप गुणिले ४ तास म्हणजे २०,००० चिप-तास. हेच काम एका चिपवर करायचे तर डाव खेळण्यालाच रात्रंदिवस सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागेल. 'चार तास' हा आकडा घड्याळाचा म्हणून बरोबर आहे. शिकण्याचे माप म्हणून तो निरर्थक आहे. शंभर गवंडी लावून भिंत एका दिवसात उभी राहिली, तर गवंड्यांची संख्या सांगितल्याशिवाय त्या एका दिवसाचे कौतुक कोणी करत नाही.

याच न्यायाने स्टॉकफिशच्या बाजूचेही सांगायला हवे. तोही काही एका टेबलावर तयार झालेला नाही. २०१३ पासून त्याच्यातला प्रत्येक छोटा बदल 'फिशटेस्ट' नावाच्या व्यवस्थेत तपासला जातो. जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक त्यासाठी देतात, नव्या आणि जुन्या आवृत्तीत हजारो डाव खेळवले जातात आणि फायदा सिद्ध झाला तरच बदल स्वीकारला जातो. स्टॉकफिशमागेही वर्षानुवर्षांची यंत्रशक्ती आहे, फक्त ती शेकडो घरांत विखुरलेली आहे. 'माणसांनी लिहिलेला प्रोग्राम विरुद्ध स्वतः शिकलेला प्रोग्राम' असे नाट्य रंगवताना ही दोन्हीकडची यंत्रे पडद्याआड जातात.

दुसरी तक्रार लढतीच्या अटींबद्दल आहे.

२०१७ च्या त्या १०० डावांत प्रत्येक चालीला एक मिनिट असा ठोक वेळ होता. स्टॉकफिश ६४ थ्रेडवर चालत होता, पण त्याला हॅश मेमरी दिली होती फक्त एक जीबी. हॅश म्हणजे आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्याची जागा. सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासणाऱ्या प्रोग्रामला ती जागा अपुरी पडली की जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि तेच काम पुन्हा करावे लागते. ठोक वेळेचा मुद्दाही लहान नाही. स्पर्धेत खेळताना स्टॉकफिश सोप्या चालीवर वेळ वाचवतो आणि अडचणीच्या जागी तो खर्च करतो. हे वेळेचे नियोजन त्याच्या ताकदीचाच भाग आहे, आणि चालीमागे एक मिनिट या नियमाने तो भाग निकामी केला. आवृत्ती होती स्टॉकफिश ८, म्हणजे नोव्हेंबर २०१६ ची. ती तेव्हाची शेवटची अधिकृत आवृत्ती होती हे खरे, पण दरम्यानच्या वर्षभरात प्रोग्राम बराच पुढे गेला होता. स्टॉकफिशच्या मूळ निर्मात्यांपैकी एक असलेल्या तुर रूमस्टाड यांनी हे आक्षेप तेव्हाच जाहीरपणे मांडले होते.

मग डीपमाइंडने काय केले? डिसेंबर २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सविस्तर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात नव्याने खेळलेले १,००० डाव मांडले. या वेळी स्टॉकफिशला ४४ कोअर, ३२ जीबी हॅश, शेवटच्या टप्प्यातील अचूक चालींचे तयार कोष्टक, आणि प्रत्येक बाजूला डावासाठी तीन तास, शिवाय प्रत्येक चालीला १५ सेकंदांची भर, अशा स्पर्धेला शोभणाऱ्या अटी होत्या. अल्फाझीरोने १५५ डाव जिंकले, ६ गमावले, ८३९ बरोबरीत सुटले. स्टॉकफिशच्या नव्या, घडणीतल्या आवृत्तीशीही खेळून पाहिले, निष्कर्ष बदलला नाही. इतकेच नव्हे, अल्फाझीरोला प्रतिस्पर्ध्याच्या एक दशांश वेळ दिला तरी तो वरचढ ठरला.

आक्षेप आला, त्याची दखल घेतली गेली, प्रयोग नीट करून पुन्हा मांडला गेला. विज्ञान कसे चालते याचा इतका सुबोध धडा वाचकांसमोर ठेवायला दुसरा कुठला हवा होता? पण पहिली घोषणा जितकी गाजली, तितकी ही दुरुस्त आवृत्ती आपल्याकडे गाजली नाही. वाचकाच्या मनात २८-० राहिले, १५५-६ पोचलेच नाही.

तिसरी तक्रार थोडी वेगळी आहे, आणि ती माझ्याच गोटातल्या लोकांबद्दलही आहे. काही बुद्धिबळप्रेमी उलट टोकाला जातात. 'हार्डवेअर समान नव्हते, म्हणून लढत अन्यायाची' असे एका वाक्यात सांगून मोकळे होतात, आणि आपण कधी दुसरी बाजू छापलीत तर नेमके हेच वाक्य छापता. हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो. जरा खोलात गेले की तो टिकत नाही.

स्टॉकफिशसारखा प्रोग्राम चालींचे झाड उलगडत जातो. ही फांदी वाईट, छाटून टाका. ही बरी, पुढे पाहा. आधीचे उत्तर चुकले, मागे या. क्षणोक्षणी निर्णय आणि वळणे. साधा प्रोसेसर याच कामात तरबेज असतो. अल्फाझीरोसारखा प्रोग्राम कमी फांद्या पाहतो, पण प्रत्येक स्थितीसाठी न्यूरल नेटवर्कमधून अवाढव्य गुणाकार-बेरजा करतो. सगळ्या एकाच प्रकारच्या, एकाच वेळी करता येण्याजोग्या. टीपीयू किंवा ग्राफिक्स कार्ड यासाठीच असते. दोघांना साध्या प्रोसेसरवर बसवा, अल्फाझीरो रांगू लागेल. दोघांना टीपीयूवर बसवा, स्टॉकफिश चालणारच नाही. तेव्हा 'समान यंत्र' म्हणजे कोणाचे यंत्र?

कुस्तीच्या मुलखात हे समजायला अवघड नाही. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत घडलेले खाशाबा जाधव मॅटवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी, मॅटचा सराव करून, हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले. लंडनची मॅट सगळ्यांना एकच होती, तरी ती सगळ्यांना सारखी नव्हती.

म्हणून 'न्याय्य तुलना' हा एक प्रश्न नाही, अनेक प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येऊ शकते. एकाच प्रोसेसरवर कोण सरस? हा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हुशारीबद्दल आहे. तेवढ्याच पैशांत विकत घेतलेल्या यंत्रावर कोण सरस? हा ग्राहकाचा प्रश्न. तेवढ्याच विजेत कोण सरस? हा अभियंत्याचा. आणि ज्याने त्याने आपले सर्वोत्तम यंत्र आणावे, मग कोण सरस? हा विक्रमाचा प्रश्न. यातला कुठलाही खोटा नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या शीर्षकाखाली छापले की अन्याय होतो. यंत्रांमधली असमानता चालवून घेता येते, तिच्याबद्दलचे मौन चालवून घेता येत नाही.

आणि हे प्रश्न नवे नाहीत. बुद्धिबळ-यंत्रांच्या जगात गेली पन्नास वर्षे यांच्यावर भांडणे झाली आहेत आणि त्यातून वेगवेगळ्या रीती निघाल्या आहेत. आपल्या वार्ताहरांनी त्या जाणून घ्याव्यात म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोममध्ये सुरू झाली. तेव्हापासून 'आपले यंत्र आपण आणा' हाच नियम होता. १९८० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरी केन टॉम्प्सन आणि जो कॉन्डन यांचे 'बेल' जिंकले, ते बुद्धिबळासाठीच घडवलेल्या खास सर्किटांच्या जोरावर. १९८३ आणि १९८६ मध्ये 'क्रे ब्लिट्झ' जिंकला, क्रे कंपनीच्या महासंगणकावर बसून. नाव काय होते पाहा: यंत्राचे नाव आधी, मग बुद्धिबळाचे. ज्यांच्याकडे घरातला साधा संगणक होता त्यांच्यासाठी १९८० पासून वेगळी मायक्रोकॉम्प्युटर स्पर्धा सुरू करावी लागली, ती याचसाठी. पुढे घरगुती यंत्रांनाही अनेक कोअर मिळाले, काही जण अनेक यंत्रे जोडून आणू लागले आणि वाद पुन्हा पेटला. २००९ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे आयोजकांनी आठ कोअरची मर्यादा घातली. त्यावर इतकी खडाजंगी झाली की २०१० पासून मार्ग दुपदरी केला गेला: मुख्य स्पर्धेत हवे ते यंत्र आणा, आणि त्याच्या जोडीने सर्वांना एकसारखे यंत्र देणारी वेगळी 'सॉफ्टवेअर' स्पर्धा खेळा. दोन प्रश्न, दोन स्पर्धा, दोन विजेतेपदे. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो.

स्वीडनमधल्या हौशी मंडळींची संघटना, एसएसडीएफ, १९८० च्या दशकापासून प्रोग्रामांची मानांकन यादी चालवत आली. नव्वदच्या दशकातली त्यांची यादी काढून पाहा: प्रत्येक प्रोग्रामच्या नावाला चिकटून यंत्राचे नाव, 'पेंटियम २०० एमएमएक्स' असे. एकच प्रोग्राम दोन यंत्रांवर तपासला असेल तर यादीत तो दोनदा येतो, वेगवेगळ्या गुणांसह. दोन-तीन शब्दांचे काम होते, ते हौशी लोकांनी न चुकता केले. सीसीआरएल या आजच्या प्रसिद्ध यादीने आणखी एक युक्ती काढली. तिचे परीक्षक जगभर विखुरलेले, प्रत्येकाचे यंत्र वेगळे. म्हणून त्यांनी एक प्रमाण यंत्र ठरवले. सध्या ते इंटेलचा आय-सेव्हन ४७७०के आहे, आणि त्यावर ४० चालींना १५ मिनिटे हा प्रमाण वेळ. ज्याचे यंत्र दुप्पट वेगवान, त्याने वेळ अर्धा द्यायचा. यंत्र समान करता येत नसेल तर वेळ कमी-जास्त करून काम समान करायचे.

ही युक्ती साध्या प्रोसेसरांपुरती चालली. ग्राफिक्स कार्डवर खेळणारा प्रोग्राम आला आणि तीही अपुरी पडली. अल्फाझीरो तर डीपमाइंडने कोणाच्या हाती दिलाच नाही, त्यामुळे बाहेरच्या कोणाला त्याची परीक्षा घेता आली नाही. पण निबंधात वर्णन होते. त्यावरून २०१८ मध्ये गॅरी लिन्सकॉट आणि इतरांनी 'लीला चेस झीरो' हा खुला प्रोग्राम उभा केला आणि स्वयंसेवकांच्या ग्राफिक्स कार्डांवर त्याला शिकवले. लीला आणि स्टॉकफिश यांना समोरासमोर बसवायचे तर कुठले कार्ड कुठल्या प्रोसेसरला तुल्य मानायचे? यावर हौशी लोकांनी 'लीला गुणोत्तर' काढले. अल्फाझीरोच्या लढतीत तो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होता आणि स्टॉकफिश ७ कोटी, म्हणजे ८७५ पट. लीला आणि स्टॉकफिश यांच्या वेगांतही हेच प्रमाण असेल तर गुणोत्तर एक. हे निसर्गनियमातून आलेले माप नाही. एका गाजलेल्या लढतीची अट प्रमाण मानली इतकेच. पण आकडा समोर असल्यामुळे त्यावर वाद तरी घालता येतो.

टीसीईसी ही इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांची, सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा घ्या. आयोजक दोन्ही प्रकारची यंत्रे स्वतः पुरवतात आणि त्यांची माहिती जाहीर करतात. सुरुवातीच्या चाली ठरवून दिलेल्या असतात आणि तीच सुरुवात दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळवली जाते. २०१९ च्या आरंभी झालेल्या १४ व्या मोसमाच्या अंतिम लढतीत १०० डावांनंतर स्टॉकफिश ५०.५, लीला ४९.५. पुढच्याच मोसमात लीला ५३.५, स्टॉकफिश ४६.५. शंभर डावांत एका गुणाचा फरक असताना लीलाला थोडे वेगवान कार्ड किंवा स्टॉकफिशला थोडे अधिक कोअर मिळाले असते तर? अशा निकालाच्या बातमीत यंत्राचा उल्लेख नसेल तर निम्मी बातमी गळाली असे मी म्हणेन.

आणि गंमत अशी की ही दोन घराणी आता तितकी वेगळी राहिलेली नाहीत. जपानच्या यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या खेळासाठी साध्या प्रोसेसरवर झपाट्याने चालणारे छोटे नेटवर्क शोधले. ते सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये आले आणि त्याची ताकद एकदम वाढली. पुढे त्या नेटवर्कला शिकवण्यासाठी लीलाने खेळून तयार केलेली माहिती वापरली जाऊ लागली. म्हणजे आज तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर खेळणाऱ्या स्टॉकफिशमध्ये असंख्य ग्राफिक्स कार्डांचे श्रम मुरलेले आहेत. खेळतानाचे यंत्र एक, शिकतानाचे दुसरे. दोन्हींची विचारणा करायला हवी.

चौथी तक्रार आकड्यांच्या हव्यासाची. 'सेकंदाला इतक्या कोटी स्थिती' हा आकडा आपल्याला फार प्रिय आहे. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या यंत्राने गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५–२.५ असे हरवले, तेव्हा त्याच्या पोटात बुद्धिबळाच्या ४८० खास चिप होत्या आणि तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होता. ही माहिती खरी. पण वेग म्हणजेच ताकद असा समज त्यातून रुजला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९५ मध्ये हाँगकाँगच्या जागतिक स्पर्धेत, डीप ब्लू प्रकल्पाच्याच यंत्राला फ्रिट्झ या प्रोग्रामने हरवले होते, आणि फ्रिट्झ बसला होता ९० मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियमवर. २००९ मध्ये ब्यूनोस आयर्स येथील स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ ४' हा प्रोग्राम एका मोबाइल फोनवर खेळला आणि माणसांविरुद्ध दहापैकी साडेनऊ गुण मिळवून गेला. तो सेकंदाला २० हजारांहून कमी स्थिती पाहत होता, डीप ब्लूच्या दहा हजारांश. उलट, वेग फुकट जातो असेही नाही. टॉम्प्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेलला वेगवेगळ्या खोलीपर्यंत विचार करायला लावून स्वतःशीच खेळवले, तेव्हा एक-एक पायरी खोल गेल्याने ताकद ठळकपणे वाढत गेलेली दिसली. वेग आणि अक्कल यांचे गणित असे गुंतलेले आहे. शिवाय स्टॉकफिशची एक स्थिती आणि अल्फाझीरोची एक स्थिती ही सारख्या कष्टाची एककेच नाहीत. ८० हजार आणि ७ कोटी शेजारी छापून 'तरीही कमी वेगवाला जिंकला' असा चमत्कार दाखवणे ही वाचकाची दिशाभूल आहे.

पाचवी तक्रार 'धुव्वा', 'चारीमुंड्या चीत' या शब्दांची. २०१७ च्या लढतीचे गुण मोजा: १०० पैकी ६४. एलो या मानांकन पद्धतीने हा सुमारे १०० गुणांचा फरक होतो. १,००० डावांच्या लढतीत ५७४.५ गुण, म्हणजे साधारण ५० गुणांचा फरक. हे यश मोठे आहे, निर्विवाद आहे, पण ते 'धुव्वा' नाही. तसेच, इंजिनांच्या यादीतले साडेतीन हजारांपुढचे मानांकन माणसांच्या फिडे मानांकनाशेजारी ठेवून वजाबाकी करू नये. त्या याद्यांमध्ये इंजिने इंजिनांशीच खेळतात, ठरावीक यंत्रावर, ठरावीक वेळेत. दोन्ही याद्यांचे शून्य एकाच जागी नाही.

याने कोणाचे काय बिघडते, असे आपण विचाराल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारा. नाशिकचे विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांच्या यशानंतर घरोघर बुद्धिबळाचा उत्साह आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्याबरोबर 'अमुक इंजिन सर्वांत भारी, ते चालवायला महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊ का?' असे विचारणारे पालकही येतात आणि हातात बातमी असते. बारा वर्षांच्या मुलाला आपली चूक कळण्यासाठी जुन्या फोनवरचा फुकट स्टॉकफिश गरजेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त बलवान आहे. ही साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते, कारण बातमीने त्यांना विजेत्याचे नाव दिले, त्याचा संदर्भ दिला नाही. बुद्धिबळाबाहेरही हेच चालू आहे. आज रोज कुठली ना कुठली कंपनी आपला प्रोग्राम दुसऱ्याच्या पुढे गेल्याचे सांगते. कशावर चालवून, किती खर्चून, कोणत्या अटींवर, हे विचारण्याची सवय बुद्धिबळाच्या छोट्या पटावर लागली तर मोठ्या दाव्यांपुढेही ती उपयोगी पडेल.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत.

एक: इंजिनांच्या लढतीची बातमी असेल तेव्हा दोन्ही बाजूंची यंत्रे नावानिशी द्या. प्रोसेसर किंवा कार्ड, किती कोअर, किती मेमरी. एका ओळीत बसते.

दोन: वेळेची अट, प्रोग्रामची आवृत्ती, आणि सुरुवातीच्या चाली कोणी ठरवल्या, हे सांगा.

तीन: 'इतक्या तासांत शिकला' असे लिहायचे असेल तर त्याच वाक्यात 'इतक्या चिपवर' हेही लिहा. दुसरा आकडा मिळत नसेल तर पहिलाही छापू नका.

चार: विजय, पराभव आणि बरोबरी असे तिन्ही आकडे द्या. बरोबरी गाळून २८-० लिहू नका.

पाच: लढत कोणी घेतली ते सांगा. स्वतः प्रोग्राम बनवणाऱ्याने घेतली की तिसऱ्याने? डाव प्रसिद्ध झाले का, प्रोग्राम इतरांना तपासायला मिळतो का? कंपनीचे पत्रक आणि स्वतंत्र परीक्षा यांच्यात आपण राजकारणाच्या पानावर फरक करता, तो इथेही करा.

सहा: आधीच्या दाव्याची दुरुस्ती किंवा फेरतपासणी आली तर तिला मूळ बातमीइतकी जागा द्या. इतकी जमणार नसेल तर निम्मी द्या, पण द्या.

सात: 'समान हार्डवेअर नव्हते' हा आक्षेप छापताना आक्षेप घेणाऱ्यालाही विचारा की समान म्हणजे नेमके काय: किंमत, वीज, वेळ की चिप? उत्तर मिळाले तर तीच चांगली बातमी होईल.

आपल्यावर जागेचे आणि वेळेचे दडपण असते, याची मला कल्पना आहे. रात्री अकराला आलेल्या इंग्रजी मजकुरातून तीनशे शब्द काढताना टीपीयूची संख्या हा पहिला कापला जाणारा तपशील असतो. म्हणूनच विनंती आहे की कापायचेच झाले तर विशेषणे कापा. 'अचाट', 'थक्क करणारा', 'मानवी बुद्धीला आव्हान' या तीन शब्दप्रयोगांच्या जागेत दोन्ही यंत्रांची माहिती आरामात मावते. मराठी वाचक आकड्यांना घाबरतो, हा समज आता सोडून द्यावा. शेअर बाजार, पर्जन्यमान आणि धावगती तो रोज पचवतो.

पुढची घोषणा लवकरच येईल, कारण अशा घोषणा थांबत नाहीत. तेव्हा वार्ताहराला कंपनीच्या प्रतिनिधीकडे एकच प्रश्न घेऊन पाठवा: दोघे कशावर खेळले? उत्तर मिळाले तर ते छापा. टाळाटाळ झाली तर तीही छापा, कारण वाचकाच्या दृष्टीने तीही बातमीच आहे.



आपला,
एक बुद्धिबळ शिक्षक व नियमित वाचक
पुणे